गप्प बसलेल्या मुलीचा होकार

तुर्की सुलतानाच्या जुलमाविरुद्ध लिहायची छाती सीरियातल्या अख्ख्या हलब शहरात एकट्या नज्मुद्दीनची. म्हणूनच त्याच्या छापखान्याला सरकारी टाळं लागलं होतं. त्या दिवशी मात्र घरात सकाळपासून कॉफी कुटली जात होती, पिस्त्याची मिठाई मांडली जात होती. सुभेदाराचा चिटणीस शौकत बे त्याच्या धाकट्या मुलीला, बहीजाला, मागणी घालायला येणार होता. सोयरीक जुळली की टाळं निघणार, हे न बोलताच ठरलेलं. बहीजा तेरा वर्षांची, शौकत बे चाळिशी उलटलेला.

नज्मुद्दीनची बायको वस्फिया भांडी आपटत म्हणाली, "नईमाच्या वेळीही असंच घर चकाचक केलं होतं. काय झालं तिचं?"

"आता कशाला तो विषय?"

"मग कधी काढू? पहिल्याच बाळंतपणात गेली माझी पोर! जगाला स्वातंत्र्य शिकवता, आणि घरात तुम्हीच सुलतान!"

नज्मुद्दीन उठून अंगणात गेला. नईमा जाऊन दोन वर्षं झाली, तरी अंगणातल्या हौदाशी तिच्या खडावा वाजलेल्या त्याला ऐकू येत. मान वर करावी, तर तिथे कुणीच नसे. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

दुपारी मंडळी जमली. मशिदीतले शेखसाहेब बहीजा ज्याच्या आड होती त्या पडद्याशी जाऊन म्हणाले, "पोरी, नवरा पसंत आहे ना?" आतून शब्द नाही. कुमारिका गप्प राहिली की तो होकारच, असा रिवाज. तीनदा विचारून शेखसाहेब हसले. "लाजली पोर! चला, फातिहा म्हणू या."

फातिहा, कुराणातली ती पहिली प्रार्थना, म्हटली की सोयरीक पक्की. सगळ्यांचे हात उठले, नज्मुद्दीनचेही. आणि पडद्यामागे खडावा वाजल्या. नईमाही तिच्या मागणीच्या दिवशी तिथेच अशी गप्प उभी होती. "लाजली!" असं तेव्हा त्यानेच हसून म्हटलं होतं. या अल्ला, लाजली कसली, भ्याली होती ती! प्रजा तोंड उघडत नाही म्हणून ती खूश आहे असं सुलतान समजतो, यावर त्याने रकानेच्या रकाने लिहिले होते. आणि स्वतःच्या घरात?

त्याने हात खाली घेतले. "थांबा. बहीजा, बाळा, तोंडाने सांग. नाही म्हणालीस तरी कुणी रागावणार नाही."

पडद्यामागून रडवेला आवाज आला, "नाही बाबा. मला ताईसारखं मरायचं नाहीये."

शौकत बे ताडकन उठला. "टाळं तर गंजेलच, नज्मुद्दीन एफेंदी. तुम्हीही तुरुंगात गंजाल."

"गंजेन. पण पोर देणार नाही."

शौकत बे तणतणत निघून गेला. बाकीच्यांना उठावं की बसावं कळेना. तेवढ्यात पडद्याआडून वस्फिया बोलली, "जाऊ नका. मयतासाठीही फातिहाच म्हणतात ना? मग माझ्या नईमासाठी म्हणा."

त्या घरात नईमाचं नाव घेऊन दोन वर्षांत कुणी फातिहा मोठ्याने म्हटली नव्हती. नज्मुद्दीनने पुन्हा हात वर केले.