तारेच्या दुसऱ्या टोकाची खार

माझ्या ताईवर लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक निघालं. ताई सर्कशीत तारेवर चालायची, तेही खाली जाळी न लावता. पुस्तकात जाळी आहे. शिवाय ताईला चाफेकळी नाक आहे, जे आमच्या घरात आजवर कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही.

मी पुस्तकात नाही. अठरा वर्षं मी तारेच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या फळीवर पिवळा रुमाल धरून उभी राहायचे. तारेवर चालताना पावलांकडे बघायचं नसतं. समोर एका जागी नजर रोवायची असते. ती जागा म्हणजे मी. शिंक आली तरी हलायची सोय नव्हती. पण नुसती उभी राहणारी माणसं मुलांना आवडत नाहीत, असं संपादकीणबाईंचं म्हणणं पडलं. वय वर्षं सव्वीस, त्यांना माहीत असणारच. मुलांना प्राणी आवडतात, म्हणून माझ्या जागी खार आली. रुमाल मात्र पिवळाच ठेवला. खऱ्या गोष्टीशी इमान नको का राखायला?

ताईनं चित्रं बघितली आणि बाजूला ठेवली. मी म्हटलं, खार छान आहे, माझ्यापेक्षा तरतरीत आहे. आणि दोन दिवस अबोला धरला. तिथे मी होते, एवढंच मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. साठ वर्षांत तिनं ते एकदाही म्हटलं नव्हतं.

प्रकाशन वाचनालयात झालं. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले. खारीला कशाला पुढची खुर्ची? ताईनं पुस्तक वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या, आणि मंचावरून उतरायची वेळ आली. तीन पायऱ्या, कठडा नाही. चाळीस फुटांवर जिचा पाय कधी लटपटला नाही, ती पावलांकडे बघत तिथेच थिजली. संपादकीणबाई हात द्यायला पुढे झाल्या. ताईनं त्यांना बाजूला केलं आणि मागच्या रांगांवरून डोळे फिरवले.

"कुठे जाऊन बसलीस गं? ऊठ. रुमाल धर."

माझ्याकडे नाक पुसायचा पांढरा होता. तोच धरला. गुडघे ठणकत होते, पण मी हलले नाही. ताईनं मान वर केली, माझ्यावर नजर रोवली आणि तिन्ही पायऱ्या उतरली.

शेजारच्या चिमुरडीनं मला विचारलं, "आजी, तुम्ही कोण?"

"पान नऊ काढ," मी म्हटलं. "ती खार."