जरा बिघडवून द्या

"नीट केलंय म्हणजे नक्की काय केलंय?" मी विचारलं.

"सगळंच, बाबा! रोलर नवा, आतून साफसफाई, आणि सेटिंग एकदम कंपनीच्या मापाला. आता आईचा आवाज मोबाईलवर उतरवून घेऊ." लेक नुसती फुलून गेली होती. मला न सांगता मशीन दुरुस्तीला नेलं होतं पठ्ठीने.

माझा डॅट रेकॉर्डर टेबलावर चकाकत होता. आगपेटीपेक्षा जराशी मोठी कॅसेट, तिच्यावर आवाज आकड्यांच्या रूपात भरायचा. एके काळी स्टुडिओवाले या मशीनवर जीव टाकायचे. मी कॅसेट घातली, बटण दाबलं. आवाजाची पातळी दाखवणारे दिवे एकदा लुकलुकले, "अ..." एवढं ऐकू आलं, आणि पुढे चिडीचूप.

माझं डोकंच फिरलं. लेकीला आणि मशीनला रिक्षात घालून तडक मेकॅनिकचं दुकान गाठलं.

मी रेकॉर्डिस्ट. घरीच काम करायचो. आतल्या खोलीत माईक, दाराला काच, काचेबाहेर मी आणि हे मशीन. गाणारे-वाजवणारे यायच्या आधी आवाजाची पातळी बघायला माईकपुढे कोणीतरी बोलावं लागतं. ते काम बायकोकडे. एक-दोन-तीन म्हण म्हटलं तर म्हणायची, "मी काय बालवाडीत आहे?" आणि घरातल्या तक्रारींचा पाढा सुरू. माझं काम झालं की मी काचेतून हात वर करायचो, मग ती थांबायची. हात वर होईपर्यंत तोंड बंद नाही! ती गेली, आणि तिच्या आवाजाचं आमच्याकडे उरलं ते या एका कॅसेटवर भरलेलं असलं बोलणं, एवढंच. फोटो ढीगभर आहेत, पण फोटो बोलत नाहीत.

मेकॅनिकने स्वतःची कॅसेट लावून दाखवली. सनई खणखणीत वाजली.

"बघा साहेब, मशीन ठणठणीत आहे. तुमची टेपच गेलीय."

"टेप नाही गेली हो! माझं मशीन वापरून वापरून जरासं वाकडं झालं होतं. त्याने टेपही वाकडीच भरली. ती त्याची त्यालाच वाचता यायची. आता तुम्ही त्याला सरळ करून ठेवलंत."

"मग यात माझं चुकलं काय?"

"काहीच नाही! हीच तर बोंब आहे! पुन्हा बिघडवून द्या."

मेकॅनिकने चष्मा कपाळावर चढवला. "इतकी वर्षं दुकान चालवतोय, बिघडवून मागणारं गिऱ्हाईक पहिलंच."

"किती वाकडं होतं, आठवतंय का?"

"वाकडं दिसलं की सरळ करायचं, साहेब. वाकड्याचं माप कोण ठेवतं?"

तरी बसला बिचारा. स्क्रू केसभर फिरवायचा, टेप लावायची, पुन्हा केसभर. जुन्या साध्या टेपचं बरं असतं. आवाज घोगरा होतो, खरखरतो, पण माणूस ओळखू येतो. या डिजिटलला मधलं काही माहीतच नाही. जुळलं तर स्वच्छ, नाहीतर शून्य. अडेलतट्टू नुसतं! त्यात दर वेळी टेप मागे-पुढे होताना मी मशीनच्या आत डोकावून बघत होतो. तेवढी केसासारखी पातळ पट्टी आत अडकून चुरगळली, की संपलं सगळं.

"मला काय माहीत, बाबा? मी चांगलंच करायला गेले ना," लेक म्हणाली.

"मग नव्हतं करायचं चांगलं!" मी वसकन ओरडलो.

नाक लाल झालं तिचं, अगदी आईसारखं. मला तिचा राग आला, त्या स्क्रूचा आला आणि सगळ्यात जास्त माझा आला. तीही आईलाच शोधायला निघाली होती की.

"राहू द्या आता," मी मेकॅनिकला म्हणालो. "तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा."

"थांबा हो साहेब. नीट करायला नाही लागत एवढं डोकं," असं पुटपुटत त्याने स्क्रू आणखी जरासा फिरवला.

"...आणि दूध उतू गेलं तरी हे आपले काचेतून बघत बसणार! नळ गळतोय, त्याचं कोण बघणार? मी?"

मेकॅनिकचा हात होता तिथेच थांबला. लेकीने धडपडत मोबाईल काढला, स्पीकरसमोर धरला आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा घट्ट पकडला. मध्येच अर्धा शब्द गळायचा, पुन्हा उचलला जायचा. बायको बोलतच होती. नळ, दूध, उशिरा येणारे तबलजी, माझे विसरलेले चष्मे.

"अहो, झालं का? घसा कोरडा पडला माझा. आता तरी हात वर करा!"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.