ठरावाने आवळलेली कडी

माझ्या घेरातून अर्ध्या पेराएवढा तुकडा कापला, तर संस्थेचे अध्यक्ष माणिकराव यांना काय काय मिळणार होते? निम्म्याहून जास्त रिकामा राहणारा कंटेनर भरणार होता. दुबईची मागणी हातात राहणार होती. चैत्रात संस्थेची निवडणूक होती. तेव्हा ‘दुष्काळातही आपला माल परदेशी धाडला’ असे माइकवरून सांगता येणार होते. एवढे सगळे अर्ध्या पेरात! सौदा स्वस्तच म्हणायचा. अंग माझे कापले जाणार होते, त्यांचे नव्हे.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. केजजवळच्या एका गावच्या डाळिंब सहकारी संस्थेत माल निवडताना मला वापरत. केजच्या सत्तार मिस्त्रींनी मला लेथवर घडवले, दांडा लावला आणि तीन वेळा मोजून पाहिले. माझी पोकळी बरोबर आठ सेंटिमीटर. डाळिंब माझ्यातून खाली पडले तर ते जवळच्या बाजाराचे, माझ्यावर अडकून बसले तर ते दुबईचे. बाग कुणाची, हे मी कधी विचारले नाही. अध्यक्षांच्या मळ्यातली फळेसुद्धा माझ्यातून टपाटपा पडलेली आहेत.

पहिल्या वर्षी निम्मा माल मी खाली पाडला, तेव्हा गावाने मला भरपूर शिव्या दिल्या. मग हळूहळू गाव शहाणे झाले. झाडावर शंभर फळे मिरवणारे लोक विरळणी करून साठच ठेवू लागले. फवारणी कधी थांबवली ते वहीत लिहू लागले. निवडीच्या शेडला फरशी आली. बायकांसाठी संडास आला. इतकी वर्षे कुणाला न सुचलेली ही गोष्ट दुबईच्या व्यापाऱ्याने एका ओळीची अट घातल्यावर चटकन सुचली. चार वर्षांत संस्थेने कर्ज फेडले. बाहेरचे गिऱ्हाईक नुसते पैसे आणत नाही, घरातला आळसही झाडून काढते, हे मी डोळ्यांनी पाहिले.

मला हातात धरायच्या त्या भीमनगरच्या केशरबाई. निवड करणाऱ्या बारा बायकांत त्यांचा नंबर एक. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर निवडणारीचा नंबर छापावा लागे, म्हणजे तिकडे खोट निघाली तर जाब कुणाला विचारायचा ते कळे. या बाराही जणी पूर्वी दिवाळी झाली की ऊस तोडायला जात. शेडमुळे त्यांचे जाणे थांबले होते.

मग ते साल आले. माजलगावच्या धरणात मृतसाठाच उरला, बोअरमधून फुफाटा येऊ लागला. दसऱ्याला ऊसतोडीचा मुकादम आगाऊ पैशांची उचल घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा अकराजणी केशरबाईंकडे बघू लागल्या. “नगा घेऊ,” केशरबाई म्हणाल्या. “माल थोडा असंल, पर निवड व्हनारच.” त्यांच्या शब्दावर कुणीच उचल घेतली नाही.

फळे आली, पण फुगली नाहीत. तीन हजार खोक्यांचा कंटेनर, आणि माझ्यावर बसणारा माल अकराशे खोक्यांचा. भाडे मात्र पूर्ण कंटेनरचे. माणिकरावांनी सर्वसाधारण सभा बोलावली आणि मला टेबलावर ठेवले.

“ही कडी कुनी केली? आपन केली,” ते म्हणाले. “मंग आपनच जरा आवळली, तर कुनाच्या बापाचं काय जातंय?”

सभा खदखदून हसली. निवडीचा हिशोब द्यायला बोलावलेल्या केशरबाई दारात जमिनीवर बसूनच म्हणाल्या, “अध्यक्षसाहेब, अकराशे खोकी खरी धाडा. दुष्काळ हाय म्हनून त्या दुबईवाल्याला लिवा. हात वर केल्यानं फळ फुगत न्हाई.”

“केशरबाई, तुमी मेंबर हाव का?”

“न्हाई.”

“मंग खाली बसा.”

“बसलेलीच हाय मी. खुर्ची कोन दिलती?”

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. एकशे चाळीस हात वर गेले. सगळ्यात आधी गेला तो कारभारी नावाच्या सभासदाचा, कारण त्यांच्या बागेतली सगळी फळे बारीक होती. मित्रांनो, सहकाराची मला चीड नाही. पण हात वर करून आठाचे साडेसात करणारी ती सभा आठवली की आजही माझे लोखंड तापते.

सत्तार मिस्त्री मला हातात घेऊन म्हणाले, “मानिकराव, ही कडी हाय. पायजम्याची नाडी न्हाई, पाहिजे तवा आवळायला.”

“तू काप बे. ठराव झालाय.”

“मंग ठराव लिवून द्या. माप माझ्या हातचं हाय.”

ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल हातात पडली, तेव्हाच त्यांनी मला कापले आणि पुन्हा जोडले.

दुसऱ्या दिवशी केशरबाईंनी पहिले फळ माझ्यावर ठेवले. ते बसले. त्यांनी ते उचलून मुठीत धरले आणि बराच वेळ सोडले नाही. “कडी हो म्हनती, हात न्हाई म्हनतो,” त्या शेजारणीला म्हणाल्या. मग माणिकरावांकडे जाऊन त्यांनी सांगितले, “ह्या खोक्यावर माझा नंबर नगा टाकू.”

“नंबराबिगर कंटेनर हलतोय व्हय? नसंल जमत तर घरी जा. सगळ्याच जा.”

मुकादमाच्या टोळ्या कधीच गेल्या होत्या. अकराजणी केशरबाईंकडे बघत होत्या. त्यांनी दुसरे फळ उचलून माझ्यावर ठेवले.

दुबईत व्यापाऱ्याच्या माणसाने स्वतःचे माप काढले. तीन खोकी फोडली, तिन्हींत साडेसातची फळे निघाली. सगळा माल पडेल भावात गेला आणि पुढची मागणी रद्द झाली. पत्रात एकच खूण होती, निवडणारीचा नंबर एक.

लगेच दुसरी सभा भरली. नंबर एक आणि तिच्या टोळीने हलगर्जीपणा केला, सबब त्यांना कामावरून कमी करावे आणि त्यांची महिन्याची थकलेली मजुरी नुकसानीत वळती करावी, असा ठराव आला. केशरबाई सत्तार मिस्त्रींना घेऊन आल्या. मिस्त्रींनी नक्कल वाचून दाखवली.

माणिकराव शांतपणे म्हणाले, “ठराव कडीचा व्हता. फळं कुनी निवडली?”

“मी निवडली,” केशरबाई म्हणाल्या. “आता त्या दिशी ज्येंनी हात वर केलते, त्येंनी पुन्यांदा करा. करा की! तवा लई हलके व्हते.”

एकट्या कारभारींचा हात कानापर्यंत गेला, कान खाजवून खाली आला. ठराव मात्र मंजूर झाला.

मित्रांनो, आता मी शेडमधल्या खिळ्याला लटकून गंजत आहे. खाली खताची पोती रचली आहेत. माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. माल कमी पडला तर कमी माल विका, पण माप आवळू नका. दूरचे गिऱ्हाईक तुमच्या मापावर विश्वास ठेवते म्हणून तर गावात चार पैसे येतात. तो विश्वास एकदा उडाला की कुठल्याही सभेला तो ठरावाने परत आणता येत नाही.

आता भरपाई कुणी केली, ते ऐका. व्यापाऱ्याला पंधरा दिवसांत दुसरीकडून माल मिळाला. माणिकराव चैत्रात बिनविरोध निवडून आले. सभासदांची डाळिंबे तिसऱ्या हिश्श्याच्या भावाने गेली, आणि ते आजही दुबईला शिव्या देतात. बारा बायकांची महिन्याची मजुरी बुडाली. माघात, हंगाम सरत आला असताना, निम्म्या उचलीवर त्या उसाच्या ट्रकमध्ये चढल्या. सगळ्यात शेवटी केशरबाई चढल्या. त्या बाराजणींपैकी एकीलाही सभेत हात वर करायचा हक्क नव्हता.