मेलेल्या माणसाचं कार्ड

चर्चच्या तळघरात शुक्रवारच्या पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळायचं काम चाललं होतं. ईस्टरआधीच्या उपासकाळात मांस बंद, त्यामुळे सगळं गाव त्या बटाट्याच्या सारणावर तुटून पडायचं. विल्मा होलुबचे हात पिठात होते, म्हणून तिचा वाजणारा फोन नणंदेने, रेजिनाने, उचलला आणि स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

"विल्माताई, मी ब्रॅडली. काल बोललो होतो ना!" आवाज असा, की पावाला लावून खावा.

ब्रॅडली वसुलीवाला. विल्माचा नवरा एमिल याच थंडीत वारला. त्याच्या क्रेडिट कार्डावर साडेतीन हजार डॉलर राहिलेत, असं याचं म्हणणं. काल विल्माने भाबडेपणाने सांगून टाकलं होतं, की आहेत तेवढे, पण ते एमिलच्या कबरीवरच्या दगडासाठी. कुणाचा पैसा तिने जन्मात बुडवला नव्हता. दगड आधी की देणं आधी, या विचाराने कालपासून तिला घास गिळवत नव्हता.

"दगडावर नाव कोरायचं, तर ते आधी स्वच्छ नको का करायला?" ब्रॅडली म्हणाला.

विल्माचा चेहरा पडला. रेजिनाचं डोकं फिरलं. "कोण रे तू, माझ्या भावाचं नाव धुणारा?"

"अरे वा, बहीण! मग तुम्हीही थोडा हातभार लावा की."

"ऐकलंस? माशीसारखा मढ्यावरून उठला, तो शेजारणीच्या ताटात बसला."

विल्मा हळूच म्हणाली, "साहेब, त्या कार्डावर माझी सही आहे का?"

"प्रश्न सहीचा नाही हो, संस्कारांचा आहे."

"सही नाही म्हण की सरळ!" रेजिना हसली.

"एमिलने मागे काही ठेवलं असतं, तर त्यातून तुमचंच आधी फेडलं असतं," विल्मा म्हणाली. "घर माझ्या आईचं. पैसे माझ्या शिवणाचे."

"कायद्याचं सोडा, ताई. वर गेल्यावर देवाला काय तोंड दाखवाल?"

ओट्याभोवतीचे सगळे हात थांबले. विल्माने एप्रन घेतला आणि बोटं एकेक करून पुसली. रोज सकाळी ती ज्याच्यापुढे गुडघे टेकायची, त्याला हा माणूस साक्षीला बोलावत होता, आणि दुसऱ्या हाताने तिचा खिसा चाचपत होता. तिला राग आला नाही. किळस आली, जेवणात केस सापडावा तशी.

"सगळा हिशेब लेखी पाठवा."

"कागदाला वेळ लागतो. रकमेत सूट देतोय, पण ती आज संध्याकाळपर्यंतच. नुसते पन्नास द्या, सद्भावना म्हणून. खात्याचा नंबर सांगा."

"देवाचं देणं म्हणता, आणि ते संध्याकाळी महाग होतं?"

तळघर खदखदून हसलं. फोनमधला गोडवा नासला. "म्हातारे, दारात पोलीस उभे करीन!"

"पत्ता आहे ना? मग कागद आणि पोलीस दोन्ही तिथेच पाठवा." तिने फोन बंद केला आणि पुढची पिरोगी घेतली.

पोलीस आले नाहीत. कागद आला. रक्कम खरी होती, नाव एकट्या एमिलचं होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात, हरकत कशी घ्यायची, फोन कसे थांबवायचे, सगळं छापलेलं. ब्रॅडलीच्या गोड जिभेवर नेमकं तेवढंच आलं नव्हतं. विल्माने उत्तर लिहिलं: हे देणं माझं नाही, त्याच्या नावावर काही उरलं नाही, पुन्हा संपर्क करू नये. रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि तशीच दगडवाल्याकडे जाऊन पैसे भरून आली.

रविवारी चर्चमधून बाहेर पडताना रेजिनाने डिवचलं, "गावभरासाठी प्रार्थना करतेस. त्या ब्रॅडलीसाठी केलीस का?"

"केली."

"काय सांगतेस!"

"नाव घेतलं फक्त," विल्मा हातमोजे चढवत म्हणाली. "त्याच्यासाठी देवाचा वेळ कशाला घ्यायचा?"