अठरा टोपल्या आणि एक आरोळी

पहिली

"घे. तुझी आहे," असं म्हणून मिल्वीने पिशवीतून एक निळी चकती काढली आणि हेल्वेच्या हातात ठेवली.

चकतीच्या पोटावर काळ्या शाईने हेल्वेचं नाव आणि फोन नंबर लिहिलेला होता. कडेला शेवाळाचा हिरवा डाग पडला होता. जवळजवळ वर्षभर तळ्याच्या तळाशी राहूनही नंबर शाबूत होता.

"जुलैत पोहताना पायाला लागली," मिल्वी म्हणाली. "नंबर आहे म्हटल्यावर मालकिणीला पोचवायलाच हवी ना. उगाच कुणाची वस्तू कशाला ठेवा?"

जमलेले सगळे खो-खो हसले. ती चकती तळ्यात गेली कशी हे त्यातल्या प्रत्येकाने स्वतः पाहिलं होतं.

गेल्या सप्टेंबरात, याच मैदानावर, अठराव्या टोपलीपाशी हेल्वेची शेवटची फेक साखळ्यांवर खणकन आदळली आणि बाहेर पडली. किताब एका फेकीने मिल्वीकडे गेला, सलग सहाव्यांदा. हेल्वेने चकती उचलून थेट काळतळ्यात भिरकावली, टोपलीच्या लोखंडी खांबाला लाथ घातली आणि पायाचं बोट मोडून घेतलं. क्लबने तिला वसंत ऋतूपर्यंत बंदी घातली. बोट त्याआधी बरं झालं.

या वर्षी नाव नोंदवताना स्पर्धेची प्रमुख आस्ता चष्मा काढून म्हणाली होती, "हेल्वे, इतरांना आधी ताकीद मिळते, तुला नाही. एक ओरडा किंवा एक लाथ, की तू मैदानाबाहेर. समितीने लेखी दिलंय."

खेळ साधा आहे. जंगलात अठरा टोपल्या, प्रत्येकीवर साखळ्यांची झालर. जी सगळ्यांत कमी फेकींत चकत्या टोपल्यांत घालेल ती जिंकली. पन्नाशीपुढच्या बायकांचा जिल्ह्याचा किताब हेल्वेला एकदा, फक्त एकदा, मिल्वीच्या हातून घ्यायचा होता. आणि तो तोंड मिटून घ्यायचा होता.

"आभारी आहे," ती म्हणाली. निळी चकती तिने पिशवीच्या तळाशी खुपसली.

दुसरी

फेक पाइनच्या बुंध्यावर ठाणकन आपटली आणि मागे आली. हेल्वेच्या मानेवर लाल चट्टा उमटला.

"डेअरी," ती पुटपुटली. "जुनी गिरणी. दवाखाना. कालवा. शाळा."

हे तिच्या बसचे थांबे. एकोणतीस वर्षं ती बस चालवत होती आणि बसमध्ये तिचा आवाज कधी चढला नव्हता. बसमध्ये मागे माणसं बसलेली असतात. मैदानावर मागे कोणी नसतं, सगळी घाण तिथेच बाहेर येते. म्हणून हिवाळ्यात, पायाला पट्टी बांधून पडल्या पडल्या, तिने ठरवलं होतं: राग आला की थांबे घ्यायचे. प्रत्येक थांब्यावर दार उघडायचं आणि थोडा राग उतरवायचा.

"कुठवर पोचलीस?" मिल्वीने विचारलं.

"शाळेपर्यंत."

"पुढे काय आहे?"

"स्मशान. शेवटचा थांबा."

"मग जरा हळू चालव गं बाई. आम्हीही बसलोय आत."

सिर्ये हसली आणि लगेच खाली बघायला लागली. सिर्ये म्हणजे गटातली तिसरी. डेअरीत चीज बनवणारी, पेन्सिलीने फेकी लिहिणारी, जगातल्या सगळ्या भांडणांना घाबरणारी.

तिसरी, चौथी, पाचवी

काही झालं नाही. हेल्वेला जे ओळखतात त्यांना ही केवढी बातमी आहे ते कळेल.

सातवी

(सहावीवर हेल्वेने एक फेक वाचवली. त्यावर कोणी काही बोललं नाही, म्हणून तीही इथे कंसातच.)

हेल्वेने नेम धरला, श्वास रोखला, आणि मागे मिल्वीने बरणीतली खारवलेली काकडी कर्रकन चावली. चकती टोपलीच्या बाजूने निघून गेली.

हेल्वे जे बोलली नाही ते असं: की दातांचा एवढा अभिमान असेल तर ते घरी पेल्यात ठेवून येत जा. की चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात इतक्या हळू आवाजात गोळ्या विकणाऱ्या बाईला काकडी तेवढी हळू खाता येत नाही, हे नवल आहे. की बरणी. बरणीबद्दल एक लांबलचक वाक्य होतं, ते इथे लिहिता येणार नाही.

ती जे बोलली ते असं:

"एक दे."

मिल्वीने बरणी पुढे केली. हेल्वेने काकडी घेतली आणि आणखी मोठ्याने चावली.

नववी

अर्ध्यावर आस्ता वाट बघत उभी होती. तिने सिर्येला बाजूला घेतलं. कुजबुज मात्र सगळ्यांना ऐकू आली.

"किती वेळा?"

"एकदाही नाही."

"लाथ?"

"नाही गं. काकडी खाल्ली तिने."

आस्ताने हेल्वेकडे काळजीने पाहिलं. "बरं वाटतंय ना हिला?"

दहावी ते पंधरावी

दहावीवर बरोबरी. अकरावीवर मिल्वी एक फेक पुढे. बारावीवर डास. तेरावीवर पुन्हा बरोबरी, आणि हेल्वे कालव्यापर्यंत जाऊन परत. चौदावीवर दलदलीतून क्रौंच पक्ष्यांचा गलका सुरू झाला. थंडीच्या आधी ते तिथे शेकड्यांनी जमतात. एवढ्या मोठ्याने ओरडतात आणि त्यांना कोणी बाहेर काढत नाही, असं हेल्वेच्या मनात आलं. पंधरावीवर मिल्वी पुन्हा एकने पुढे.

सोळावी

मिल्वीची चकती फांदीला लागली, तिरकी झाली आणि जंगलात शिरली. कुठे, ते कुणालाच दिसलं नाही.

नियम असा की गटातल्या सगळ्यांनी शोधायचं, तीन मिनिटं. सापडली तर तिथून पुढे खेळायचं. नाही सापडली तर वाया गेलेली फेक मोजायची, वर एक फेक दंड, आणि पुन्हा त्याच जागेवरून टाकायचं.

"सुरू," सिर्ये घड्याळ बघत म्हणाली.

पहिलं मिनिट

मिल्वीची चकती तपकिरी होती. सप्टेंबरातल्या जंगलात तपकिरी. हेल्वे कंबरेत वाकून शेवाळावरून चालत होती आणि मनात हिशेब आपोआप होत होता. सापडली नाही तर मिल्वीच्या दोन फेकी वाढणार. म्हणजे आपण एकने पुढे.

"अगं, किती अळंब्या आल्यात!" पलीकडून सिर्ये ओरडली.

"सिर्ये, चकती शोध," मिल्वी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच किंचित चढला होता.

दुसरं मिनिट

पडलेल्या बर्चच्या खोडामागे, शेवाळातून डोकं वर काढून, तीन टोप्या उभ्या होत्या. जाडजूड, तपकिरी, एकही कीड नाही. आणि थोड्या अंतरावर चौथी, अर्धी शेवाळात रुतलेली.

हेल्वे गप्प झाली.

या भागात चांगली अळंबी दिसली की माणूस ओरडत नाही. तो थांबतो, इकडेतिकडे बघतो, नाडी बांधायच्या निमित्ताने खाली बसतो. जागा कुणाला सांगायची नाही, शेजाऱ्याला नाही, नवऱ्याला नाही. हेल्वेच्या आईने आपली जागा मरताना सांगितली होती, आणि तीही दोनच भावंडांना. तिघं होती ती. तेव्हा हेल्वेचं अंग आपसूक गप्प झालं. ती खाली बसली आणि चौथी उपटायला तिने हात घातला.

चौथी प्लास्टिकची होती.

पोटावर नीटस अक्षरात मिल्वीचा नंबर.

"दोन मिनिटं झाली," सिर्ये म्हणाली.

तिसरं मिनिट

आता काय करायचं होतं? काहीच नाही. हीच तर अडचण होती. तोंड आधीच मिटलेलं होतं. नाडी बांधून उठायचं, चार पावलं पुढे जायचं आणि झुडपं हलवत राहायचं. खोटं बोलायचं नाही, ओरडायचं नाही, कुणाला लाथ घालायची नाही. दिवसभर जमलं तेच आणखी एक मिनिट. समिती टाळ्या वाजवेल.

डेअरी.

पलीकडे मिल्वी गुडघ्यांवर बसून हाताने शेवाळ चाचपत होती. पांढऱ्या टोपीत काटक्या अडकल्या होत्या.

जुनी गिरणी. दवाखाना.

जुलैत हीच बाई पाण्यात बुडी मारून दुसरीची चकती घेऊन वर आली. टोमणा मारण्यासाठी आणली, हे खरंच. पण आणली. आणि नुसती पायाला लागलेली चकती बुडी मारल्याशिवाय वर येत नाही.

कालवा.

"अडीच मिनिटं."

आणि सहा वर्षं जे हवं होतं ते असं मिळणार? नाडी बांधून? हेल्वेच्या मानेवर पुन्हा लाल चट्टा उमटला. या वेळचा राग कुणावर होता हे तिला थांबे न मोजताच कळलं.

"ही इथे आहे!" ती म्हणाली. ओरडली नाही, मोठ्याने म्हणाली. आस्ताने विचारलं असतं तर हा फरक तिने समजावून सांगितला असता. "खोडामागे. ये लवकर."

मिल्वी आली, चकती पाहिली, हेल्वेचं तोंड पाहिलं.

"किती वेळ झाला तुला सापडून?"

"चार थांबे."

मिल्वीने टोपीतल्या काटक्या झटकल्या. तिने चार फेकींत टोपली गाठली. हेल्वेलाही चार लागल्या. मिल्वी अजून एकने पुढेच होती.

सतरावी

हेल्वे दोन. मिल्वी तीन.

"बरोबरी," सिर्ये म्हणाली आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

अठरावी

इथे टोपली काळतळ्याच्या पलीकडे आहे. काठाने वळसा घालून गेलं तर तीन फेकी. पाण्यावरून गेलं तर दोन, किंवा चकती तळ्यात.

मिल्वी पाण्यावरून गेली. चकती पलीकडे उतरली, टोपलीपासून नऊ-दहा पावलांवर.

हेल्वेने पिशवीत हात घातला आणि तळाशी खुपसलेली निळी चकती काढली.

"ती?" मिल्वी म्हणाली. "तिला रस्ता एवढाच माहीत आहे गं, खाली जाणारा."

"म्हणून तर. खाली काय आहे ते तिने पाहिलंय. पुन्हा जाणार नाही."

निळी चकती पाण्यावर निघाली, डावीकडे झुकली, काठाच्या लव्हाळ्यांवरून सरकत गेली आणि टोपलीपासून पाच पावलांवर गवतात बसली. काठावर जमलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली. गेल्या वर्षी हीच माणसं हसली होती.

लांब असलेल्याने आधी टाकायचं. मिल्वीने टोपी सरळ केली, नेम धरला, सोडली. चकती साखळ्यांच्या बरोबर मध्यावर गेली, खणकन वाजली, क्षणभर अडकली आणि बाहेर पडली.



आणि मग औषधाच्या दुकानात कधी कुणी ऐकला नसेल असा एक शब्द काळतळ्यावरून पलीकडे जाऊन परत आला. पाठोपाठ पांढरी टोपी हवेत उडाली आणि पाण्यात पडली.

मिल्वी स्वतःच दचकली. तिने तोंडावर हात ठेवला. सिर्येने वही छातीशी धरली आणि हेल्वेकडे पाहिलं.

"हे... ताकीद म्हणून लिहायचं का?"

"काय लिहायचं?" हेल्वे म्हणाली. "टोपी वाऱ्याने गेली."

"वारा कुठाय?"

"होता. आत्ताच गेला."

मिल्वीने मान खाली घातली, चकती उचलली आणि तिसऱ्या फेकीत टोपलीत टाकली.

आता पाच पावलं. तीच टोपली, तोच खांब. खांबावर अजून हेल्वेच्या बुटाची खूण होती. तिने एकही थांबा मोजला नाही. बस रिकामी होती. तिने श्वास सोडला आणि चकतीही सोडली.

साखळ्या वाजल्या. निळी चकती आत राहिली.

टेबल

आस्ताने तिघींच्या फेकी जुळवल्या. तिघींनी सह्या केल्या. सहा वर्षांनी पहिल्या ओळीत दुसरं नाव आलं.

"झालं?" हेल्वेने विचारलं.

"झालं."

"म्हणजे स्पर्धा संपली? समितीचं ते लेखी, तेही संपलं?"

"संपलं की. पण का—"

हेल्वे तळ्याकडे वळली, दोन्ही मुठी आभाळाकडे केल्या आणि ओरडली. पहिल्या टोपलीपासून गिळलेलं सगळं, काकडी, बुंधा, बरणीचं वाक्य, गेला हिवाळा, मोडलेलं बोट, सगळं त्या एका आरोळीत बाहेर आलं. आस्ताच्या हातातून पेन पडलं. दलदलीतले क्रौंच एकदम उडाले, शेकड्यांनी, आणि तेही ओरडत वर गेले. थोडा वेळ कुणाचा आवाज कोणता ते कळेना.

"अजून एक मार," मिल्वी म्हणाली. "मीही मारते."

मग दोघींनी मारली. सिर्येने कानांवर हात ठेवले आणि डोळे मिटून हसत राहिली.

पाण्यात पांढरी टोपी हळूहळू बुडत होती.

"नंबर लिहिलाय का तिच्यावर?" हेल्वेने विचारलं.

"नाही."

"हरकत नाही. जुलैत पायाला लागली तर कुणाची ते मला माहीत आहे."

मिल्वी हसली. मग जवळ सरकली आणि औषधाच्या दुकानातल्या त्या हळू आवाजात म्हणाली, "ए, खोडामागे त्या तीन टोप्या होत्या ना, तपकिरी... नक्की कुठलं खोड गं ते? मी घाईत होते."

हेल्वेने निळी चकती पदकाच्या शेजारी पिशवीत नीट ठेवली आणि चेन लावली.

"कुठल्या टोप्या?" ती म्हणाली.