तपासून घेतलेले क्रमांक

कार्डाच्या खालच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं होतं. शुभाचं असणार, फोडणी टाकता टाकता रेशनिंग ऑफिसचा नंबर बघायला उठली असेल कधीतरी... दोन वर्षं हे कार्ड स्वयंपाकघराच्या दाराशी सुतळीनं लटकतं आहे आणि श्यामसुंदर कारखानीसला ते बोट आज पहिल्यांदा दिसलं. वर ठळक अक्षरांत रहिवासी संघाचं नाव, मग ‘रहिवाशांसाठी उपयुक्त दूरध्वनी’, मग बारा ओळी – पाणी, कचरा, दिवाबत्ती, अग्निशमन, दवाखाना... बारावी ओळ शववाहिनी. हळदीचं बोट त्या ओळीच्या बरोबर वर थांबलं होतं. त्यानं सुतळी खिळ्यावरून काढली.

“घेऊनच जाणार आहात ते?” शुभा म्हणाली.

“मग? तोंडावर फेकणार आहे त्यांच्या.”

रजा टाकली होती खास. खिशात तक्रार-अर्ज होता, त्यावर गल्लीतल्या त्रेसष्ट जणांच्या सह्या होत्या, आणि ‘बेजबाबदारपणाचा कळस’ हे शब्द त्यानं स्वतः घातले होते. रविवारी पहाटे समोरच्या चाळीतला गुणाजी गेला. गिरणी बंद पडल्यापासून वॉचमनची नोकरी करायचा, ड्यूटीवरून आला, पाणी प्यायला आणि आडवा झाला तो उठलाच नाही. सात वाजता त्याचा धाकटा भाऊ लवू त्यांच्या भिंतीवरचं हेच कार्ड काढून घेऊन कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात शववाहिनीला फोन करायला गेला. दर वेळी कुठल्यातरी घरातली एक बाई फोन उचलायची, आणि सातव्या वेळी ती रडायलाच लागली म्हणे – सकाळी सकाळी माझ्या घरी अशुभ काय विचारता म्हणून. अकरा वाजले. मे महिना, वर पत्रे. मयत घरात असताना चूल पेटत नाही, त्यामुळे चाळीतली पोरं उपाशी. स्मशान पश्चिमेला, रेल्वे फाटकापलीकडे, पाऊण तासाची वाट. शेवटी बाजारातून कांद्याचा टेम्पो आणला. कांद्याची सालं तिरडीवर उडत होती आणि लवू ती एकेक करून वेचत होता.

“आणि ऐकलंत का,” शुभा पोळपाट पुसत म्हणाली, “त्यांची मोठी बहीण आलीये गावाहून, ती लवूला सगळ्यांदेखत बोलली. भावाक नेवक तुका येक गाडी गावूक नाय, म्हणाली. नंबर फिरवायला चुकलास म्हणते. त्यानं अन्न सोडलंय.”

“लवूचा काय संबंध? नंबर बदलून ठेवायचे आणि लोकांना कळवायचं नाही, हे कोणाचं काम?” त्याचा आवाज इतका चढला की आतल्या खोलीत वाती वळत बसलेल्या आईनं विचारलं, कोण आलंय रे? कोणी नाही आई, असं म्हणून त्यानं चपला चढवल्या.

रस्ताभर तो मनातल्या मनात वाक्यं घासत चालला होता. मेल्यावरसुद्धा रांग लावायची का माणसानं? सरकारी काम, सहा महिने थांब – ठीक आहे, नळासाठी थांबू, गटाराच्या झाकणासाठी थांबू, दोन वर्षं थांबलोच की, पण मढं थांबत नाही साहेब! हे वाक्य बरं आहे, हे शेवटी टाकायचं. पंधरा वर्षं मी या गल्लीसाठी राबतोय. कोणाचं रेशनकार्ड, कोणाचा जन्माचा दाखला, कोणाच्या म्हातारीला दवाखाना. कोणी चहाला विचारलं नाही तरी चालेल, पण निदान नंबर तरी... नंबर तरी खरे द्या. इथं त्याचा विचार दर वेळी किंचित अडखळत होता, चपलेत खडा यावा तसा. खडा न काढताच तो पुढे चालत होता.

वॉर्ड ऑफिसात टेबलामागे बसलेला कारकून वयानं लहान होता आणि, चीड आणणारी गोष्ट म्हणजे, सभ्य होता. त्यानं खुर्ची दिली. अर्ज पूर्ण वाचला. ‘बेजबाबदारपणाचा कळस’ इथंही त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग त्यानं कार्ड मागितलं.

“हा जुना नंबर आहे. गॅरेज हलवलं तेव्हा बदलला. तीन वर्षं झाली.”

“आणि लोकांना कळवलं कोणी?”

“बाहेर बोर्डावर लावलंय, साहेब.”

तो बोर्ड श्यामसुंदरनं येतानाच पाहिला होता. काचेला कुलूप, काचेवर धूळ, आत कागदावर कागद. “तुमचा तो बोर्ड वाचायला भिंग लागतं,” तो म्हणाला, आणि हातवारे करत पुढचं सगळं बोलून गेला – राबणं, पंधरा वर्षं, कांद्याची सालं. आजूबाजूच्या टेबलांवरची डोकी वर झाली. मढं थांबत नाही, हेही झालं. त्याला बरं वाटलं. असं बोलता आलं पाहिजे माणसाला.

कारकून कार्डाकडेच बघत होता. “तीन वर्षं म्हणजे, साहेब... हे तुम्ही छापलंत चौऱ्याऐंशीत. म्हणजे छापलं तेव्हाच चुकीचा होता हा.” मग त्यानं कार्ड जरा तिरकं धरून तळाची बारीक ओळ वाचली, मोठ्यानं, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशी. “‘वरील सर्व क्रमांक प्रत्यक्ष दूरध्वनी करून तपासून घेतलेले आहेत. श्या. वि. कारखानीस, चिटणीस.’ हे कारखानीस कोण?”

“मी.”

“मग तुम्ही केलात तेव्हा कोणी उचलला?”

त्यात टोमणा नव्हता. खरंच हवी होती ती माहिती त्याला. पेन उघडून बसला होता.

“आठवत नाही,” श्यामसुंदर म्हणाला.

चोराच्या उलट्या बोंबा, असं जिना उतरताना तो म्हणत होता, उलट मलाच विचारतात, वा रे वा... आणि दुसऱ्या वळणावर कठड्याला हात लावून थांबला. आठवत नाही काय? सगळं आठवतंय. औषधांच्या दुकानातला काळा फोन, शनिवारची दुपार, हातात यादी. तळाची ती ओळ आपणच हट्टानं घातलेली. इतर संघांची कार्डं जुन्या डायऱ्यांवरून उतरवलेली असतात, आपलं तसं नाही. पाणी – तपासलं, टिकमार्क. कचरा – कोणी उचलेना, चौथ्या वेळी उचलला, टिकमार्क. अकरा टिकमार्क. आणि बाराव्या नंबराला बोट भोकात घालून दोन आकडे फिरवले, आणि... आईला न्यूमोनिया झाला होता. आठ दिवस ताप उतरत नव्हता. घरात माणूस असं पडलेलं असताना शववाहिनीला फोन करायचा, आणि त्यांनी पत्ता विचारला तर काय, उगाच तपासतोय म्हणायचं? विषाची परीक्षा कशाला. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम पुढे जाणारा मी, अमावास्येला नवा सदरा घालणारा मी... मी रिसीव्हर खाली ठेवला आणि बाराव्या ओळीवरही टिकमार्क केला.

पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा तसंच करीन, हे त्याच क्षणी त्याला कळलं आणि त्याचा स्वतःवरच असा संताप झाला की पायरी दिसेना. आई बरी झाली. वाती वळते आहे. आणि वर कारकुनाच्या टेबलावर त्रेसष्ट सह्यांचा अर्ज पडला आहे.

घरी न जाता तो सरळ चाळीत गेला. आत्ताच्या आत्ता सांगून टाकायचं. गुणाजीची बायको मालन भिंतीला टेकून बसली होती. मोठी नणंद मोरीवर गेली होती. खोलीत कोपऱ्यात पणती, आणि देवांच्या तसबिरींच्या रांगेत शेवटी तेच कार्ड – गुणाजीनं त्याला घडीव काठाची चौकट करून काच बसवली होती. दोन वर्षं आपण इथं येतो आहोत आणि हे आपल्याला ठाऊक होतं. तेव्हा छातीही फुगली होती थोडी.

“काका, बसा,” मालन म्हणाली. “उन्हाचे कशाला फिरलात. भावजींना काहीतरी सांगा तुम्ही, परवापासून पाण्यावर आहेत. तुमचं ऐकतील.”

लवू दारात उकिडवा बसला होता, तीस-बत्तीसचा बाप्या, दाढी वाढलेली. त्याचं चौथीपर्यंत शिक्षण झालं होतं, आकडे तो ओठ हलवत वाचायचा.

“लवू,” श्यामसुंदर म्हणाला, “तू बरोबर फिरवलास. नंबरच चुकीचा होता.”

लवूनं मान वर केली. “काका, माका बरा वाटाक व्हया म्हणान सांगतास तुमी. कार्डार लिवलेला आसा मां, सगळे तपासलेले म्हणान. तुमी तपासल्यात तर चुकात कसो? मीच खंयतरी चुकलंय.”

“अरे, बदलला होता तो. मागाहून.”

मागाहून. तोंडातून निघूनही गेलं. कोणी विचारलं नव्हतं, कोणी ढकललं नव्हतं. मालन म्हणाली, “म्हणजे म्युनिसिपालटीचंच की हो,” आणि त्यानं मान हलवली. हलवली म्हणजे आपोआप हलली नाही, त्यानं ती हलवली. लवूनं मात्र हलवली नाही. तो काचेतल्या कार्डाकडे बघत उजवं बोट हवेत गोल गोल फिरवत राहिला – एक आकडा, थांबून दुसरा, थांबून तिसरा – कुठे घसरलं ते शोधत.

श्यामसुंदर उठला. मला शिव्या दे रे, असं त्याला म्हणायचं होतं. त्या कारकुनाला त्रेसष्ट जणांच्या सह्यांनिशी शिव्या देऊन आलो मी, एक तरी मला दे. त्याऐवजी तो म्हणाला, “थोडं खाऊन घे,” आणि जिना उतरला.

कोपऱ्यावरच्या दुकानात फोन रिकामा होता. कारकुनानं चिठ्ठीवर लिहून दिलेला नवा नंबर त्यानं काढला. आधी तपासायचा. मग नवी कार्डं छापायची, मग सगळ्यांना... नाही, आधी हा. दोन आकडे झाल्यावर बोट थांबलं. घरात आई होती, पायाला सूज होती तिच्या आठवडाभर. त्याला स्वतःची इतकी किळस आली की उरलेले आकडे त्यानं दात आवळून फिरवले.

एकाच घंटेत फोन उचलला गेला.

“शववाहिनी. बोला.”

नंबर बरोबर होता. टिकमार्क करायचा आणि ठेवून द्यायचा. सकाळपासून घासलेली वाक्यं त्यानं आत चाचपून पाहिली. एकही हाताला लागलं नाही, आणि तो सगळा राग, ज्याच्या जोरावर तो दिवसभर चालला होता, तोही नेहमीच्या जागी नव्हता. समोर चाळीच्या वरच्या मजल्यावर खोलीच्या दारात लवू अजून बसलेला दिसत होता.

“बोला साहेब,” पलीकडचा आवाज म्हणाला. “कोण गेलंय?”

श्यामसुंदरनं तोंड उघडलं, आणि रिसीव्हर कानाला तसाच धरून राहिला. पलीकडचा माणूस घाई न करता थांबला होता. अशा वेळी लोकांना बोलायला थोडा वेळ लागतो, हे त्याला ठाऊक असणार.