हात आत, आवाज बंद

"अहो, हलतेय ही!"

"बोट आहे ती, हलणारच. बस खाली."

"आधी शपथ घ्या, पाणी गुडघ्याच्या वर नाही."

"शपथ! बुडायचं म्हटलंस तर आडवं पडावं लागेल तुला."

तेव्हा कुठे बायको बोटीत बसली. तीही कशी, तर दोन्ही हातांनी फळी गच्च धरून, दाताच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखी! कप्तानाला हसू आवरेना.

सगळे कप्तान म्हणत असले तरी होता तो अभयारण्यातला नावाडी. आलेल्या पाहुण्यांना लांब बांबूने बोट ढकलत पाणमांजरांच्या बेटापाशी न्यायचं आणि परत आणायचं, एवढंच त्याचं काम. वल्ह्याला त्याने कधी हात लावला नाही. छपछपाट ऐकला की पाणमांजरं पसार! अख्ख्या जगाला त्याने ती दाखवली, एका बायकोला सोडून. इस्त्रीच्या दुकानात लालभडक निखारे लीलया हाताळणारी ही बाई पाण्याला मात्र जाम टरकून असायची. "पाणी जरा कमी झालं की बसेन हो," हे तिचं लग्नापासूनचं उत्तर.

आता पाणी कमी झालं होतं. वर डोंगरापाशी नदी अडवून तिचं पाणी बोगद्यातून पलीकडच्या शहरांकडे वळवलं होतं आणि खालचं हे तळं हळूहळू आटत चाललं होतं. कप्तानाने आपला बांबू दोनदा कापून आखूड केला होता. उद्यापासून बोट काठावर चढवायची, असं वनरक्षक कालच सांगून गेला. म्हणून आज. पाणमांजरं निघून जायच्या आत तिला एकदा दाखवायचीच, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

"हात आत, आवाज बंद," त्याने सवयीने हुकूम सोडला.

"मी काय पाहुणी आहे?"

"बोटीत सगळे पाहुणेच."

बोट निघाली. थोड्या वेळाने बायकोने फळीवरचा एक हात सोडला, मग दुसराही.

"लेक सांगत होती, तिकडे शहरात तिच्या नळाला हल्ली दिवसभर पाणी असतं," ती हळूच म्हणाली.

"असू दे की. नातवंडं मनसोक्त आंघोळी करत असतील." कप्तानाने बांबू रोवला. "या पाणमांजरांपुरतं थोडं मागे ठेवलं असतं, तर बरं झालं असतं. बाकी काही नाही."

तेवढ्यात खर्रर्र! बोट गाळात रुतली. बेट अगदी समोर, पण मध्ये वाळकं गवत उभं. कप्तानाने सगळं वजन बांबूवर टाकलं, तरी बोट ढिम्म हलेना.

"राहिलं," तो पडल्या आवाजात म्हणाला. "इथून काही दिसायचं नाही तुला."

बायकोने पाण्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग कपडे वर खोचले आणि डोळे मिटून उतरली की पाण्यात!

"अगं बाई, किती गार आहे हो!"

"थांब, मी पण उतरतो."

"बसा गुमान! तुमचे ते गुडघे चिखलातून कोण उपटून काढणार?"

तिने पुढची दोरी खांद्यावर घेतली आणि इस्त्रीने कमावलेल्या दंडांनी असा हिसका दिला, की बोट सुटलीच. कप्तान मटकन पाहुण्यांच्या फळीवर बसला. जन्मात पहिल्यांदा! हातांचं काय करायचं, तेच त्याला कळेना.

"जरा डावीकडे घे, तिथे दगड–"

ती वळली. डोळे मोठे करून म्हणाली, "हात आत. आवाज बंद."

गवत मागे पडलं आणि बेटाच्या उतारावर पाणमांजरं दिसली. पुढे आई, मागे तीन पिल्लं. ओल्या अंगावर ऊन चमकत होतं. बायको खांद्यावर दोरी घेऊन जागच्या जागी थबकली. तिचं तोंड लहान मुलीसारखं उघडं राहिलं होतं. तिच्याकडे बघावं की पाणमांजरांकडे, हे कप्तानाला ठरवता येईना.

शेवटचं पिल्लू मागच्या पायांवर उभं राहिलं. त्याने तिला नीट न्याहाळलं आणि मग ते इतरांच्या मागे पळालं. बेट ओलांडून सगळी नदीच्या कोरड्या पात्रात उतरली आणि वर, डोंगराच्या दिशेने, एका रांगेत चालू लागली.

"कुठे निघाली हो ती?" बायकोने कुजबुजत विचारलं.

कप्तानाला ठाऊक होतं. पण आज तो पाहुणा होता. हात आत आणि आवाज बंद ठेवून तो बघत राहिला.